भोंगा अर्धे मिनिट उशिरा वाजवण्याबाबत

दिनांक : १२ फेब्रुवारी १९९६

प्रति,
मा. कार्यकारी संचालक साहेब,
श्री वाघजाई सहकारी साखर कारखाना लि.,
वाघजाईनगर, ता. कोरेगाव, जि. सातारा.

(मार्फत : योग्य मार्गाने. परंतु योग्य मार्ग गुणवत्ता कक्षातून जातो व माझे आधीचे दोन अर्ज तेथेच मुक्कामाला आहेत. म्हणून हा तिसरा समक्ष आणून दिला आहे.)

विषय : जत येथील बदलीच्या हुकुमाबाबत खुलासा व फेरविचाराची विनंती.

संदर्भ : १) आपले ज्ञापन, दि. ५ फेब्रुवारी १९९६.
२) संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन प्रशिक्षण वर्गात फळ्यावर लिहिलेली तत्त्वे, जी आम्हा सर्वांकडून तीन वेळा मोठ्याने म्हणवून घेतली.

महोदय,

१. संदर्भीय ज्ञापन मला बॉयलरवर काम चालू असताना मिळाले. त्यात माझ्यावर दोन ठपके आहेत. पहिला असा की, मी बावीस हंगाम कारखान्याचा भोंगा चुकीच्या वेळी वाजवला. दुसरा असा की, एकट्या जानेवारी महिन्यात भोंग्याबद्दल दोनशे चौदा तक्रारी आल्या व गुणवत्तेच्या तक्त्यावर बॉयलर विभागाची रेघ वर चढत चढत कागदाबाहेर गेली. सबब १ मार्चपासून माझी बदली जतच्या ऊसतोड मजूर नोंदणी कार्यालयात केली आहे. मी येत्या ३१ ऑगस्टला सेवानिवृत्त होत आहे. जतच्या कार्यालयात एक टेबल, एक खुर्ची आणि पाण्याचा एक माठ आहे, तोही टँकर आला तर भरतो. बॉयलर अटेंडंटने तिथे काय पेटवायचे, हे ज्ञापनात लिहिलेले नाही.

दोन्ही ठपके मला मान्य आहेत. पण साहेब, दोन्ही एकत्र वाचून बघावेत. भोंगा बावीस हंगाम चुकीचा वाजला तेव्हा तक्रार शून्य. बरोबर वाजायला लागला आणि महिन्याभरात दोनशे चौदा! ही गोष्ट गुणवत्ता कक्षातल्या एकाही माणसाला खटकू नये, याचे मला नवल वाटते. सविस्तर हकिकत पुढे देतो.

२. मी पहिल्या गळीत हंगामापासून, म्हणजे सन १९७४ पासून, आपल्या बॉयलरवर आहे. बॉयलरच्या लोखंडी जिन्यावर भोंग्याची साखळी लोंबते. सकाळी आठचा भोंगा माझ्या हाताने होतो. बाकीच्या पाळ्यांचे भोंगे इतर माणसे वाजवतात, पण ती जिन्यावरच्या घड्याळाप्रमाणे, आणि ते घड्याळ लावतो मी. हे काम मला पहिल्या दिवशी चीफ इंजिनिअर साहेबांनी तोंडी सांगितले होते. ते आजतागायत तोंडीच आहे.

३. गेल्या डिसेंबरात कामगार सभागृहात तीन दिवसांचा प्रशिक्षण वर्ग झाला. पुण्याहून सल्लागार साहेब आले होते. माणूस चांगला, बोलणे गोड, फक्त प्रत्येक वाक्यानंतर 'बरोबर की नाही?' असे विचारत आणि आम्ही 'बरोबर' म्हणेपर्यंत पुढे सरकत नसत. त्यांनी फळ्यावर पहिले तत्त्व लिहिले की, ग्राहक हा राजा आहे. ग्राहक म्हणजे नुसता साखर विकत घेणारा नव्हे, तर आपले काम ज्याच्या हातात जाते तो पुढचा माणूस आपला ग्राहक. उसाच्या वजनकाट्याचा ग्राहक गव्हाण, गव्हाणीची ग्राहक मिल, आणि मिलमधून निघालेला चोथा आमच्या बॉयलरमध्ये जळतो म्हणून मिलचा ग्राहक मी.

साहेब, एकवीस वर्षे मी मिलचा ओला चोथा डोळ्यांत धूर घेत जाळला. मी राजा आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी एक पाटी ओला चोथा 'नापसंत' अशी चिठ्ठी लावून मिलला परत पाठवला. मिलचे फोरमन स्वतः जिना चढून वर आले आणि राजाशी जे बोलले ते या अर्जात लिहिता येणार नाही. या प्रकाराची नोंद गुणवत्ता कक्षाने 'विभागांमधील संवाद वाढला' अशी केली आहे.

४. वर्गात प्रत्येकाला एक छापील कागद दिला होता. त्यावर 'आपला ग्राहक कोण?' असा प्रश्न होता. इतरांनी एका ओळीत उत्तरे लिहिली. मी विचार केला, चोथा जळतो, त्याची वाफ टर्बाइनला जाते, तो एक ग्राहक झाला. पण भोंग्याचे काय? भोंगा ज्याच्या कानात जातो तो माझा ग्राहक. मग मी पाठीमागे कोऱ्या जागेत सतरा गावांची व अकरा वस्त्यांची नावे लिहिली आणि खाली 'शिवाय म्हशी' असे लिहिले. सल्लागार साहेबांना कागद इतका आवडला की, त्यांनी मला उभे करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्यांनीच माझा घात केला. कारण टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, या ग्राहकांना आपण देतो ती वेळ अचूक आहे की नाही, हे कधी मोजले का? तिसरे तत्त्वच तसे होते की, जे मोजत नाही ते सुधारत नाही. बरोबर की नाही? आम्ही 'बरोबर' म्हणालो.

५. गुणवत्ता अधिकारी श्री. प्रबुद्ध सोनवणे साहेब हे कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून आलेले, वयाने माझ्या मुलाएवढे व स्वभावाने सरळ आहेत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यावर आले. रेडिओवर आठचे ठोके पडले. मी हललो नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मी रस्त्याकडे पाहिले. रेडिओवर बातम्या सुरू झाल्या, हवामान झाले, एक गाणे अर्धे झाले, आणि मग मी साखळी ओढली. सोनवणे साहेबांनी वहीत लिहिले, अकरा मिनिटे.

मी शपथेवर सांगतो की, अकरा हा आकडा मी त्या दिवशी प्रथम ऐकला. माझ्या समजुतीप्रमाणे भोंगा अर्धेच मिनिट उशिरा होता. अर्ध्याचे अकरा कसे झाले ते पुढीलप्रमाणे.

आपल्या खोऱ्यात वहिवाट अशी आहे की, हंगामाचा पहिला भोंगा झाला की घड्याळे लावायची. वर्षातून एकदाच. दसऱ्याला शस्त्रे पुजतात तितक्याच भक्तीने लोक घड्याळाचा काटा फिरवतात. शाळेचे घड्याळ, ग्रामपंचायतीचे घड्याळ, सोसायटीचे घड्याळ, आपल्या केबिनमधले घड्याळ (शिपाई लावतो) आणि खोलवडी मुक्कामी एसटीच्या चालकाचे मनगटी घड्याळ. मुक्कामी गाडी खोलवडीतच रात्र काढते व सकाळी चालकाच्या घड्याळाप्रमाणे सुटते, तिथे कंट्रोलर नाही. या गाडीने आपले त्रेचाळीस कामगार येतात. गाडी थांब्यावर बरोबर आठला येते. पण थांब्यापासून गेटपर्यंत चालायला अर्धे मिनिट लागते. भोंगा झाला की गेट बंद, आणि बाहेर राहील त्याची अर्धी हजेरी. म्हणून मी अर्धे मिनिट थांबत असे. पुढच्या हंगामाचा पहिला भोंगाही अर्धे मिनिट थांबूनच होई. त्यावर सगळे खोरे घड्याळ लावी, एसटीचा चालकही लावी, मीही लावी. म्हणजे गाडी अर्धे मिनिट मागे गेली. आणि तिच्यासाठी मी परत अर्धे मिनिट थांबलो. असे बावीस हंगाम. सोनवणे साहेबांनी गुणाकार करून दाखवला तेव्हा मला जिन्यावरच घाम आला, आणि तो बॉयलरचा नव्हता.

कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असे आपण विचाराल. आले होते साहेब, पण दोष दुसऱ्याचा समजला गेला. टीव्हीच्या बातम्या सात वाजायच्या आधीच लागतात, याचा अर्थ मुंबईवाल्यांना घाई फार, असे आमच्याकडे धरले जाते. कोरेगाव स्थानकातला कंट्रोलर मुक्कामी गाडीपुढे वर्षानुवर्षे 'रस्ता खराब' असा शेरा मारतो. रस्ता दोनदा डांबरी झाला, शेरा तोच आहे. आणि आपण स्वतः पुण्याच्या बैठकांना पोचता तेव्हा चहा होऊन गेलेला असतो, असे आपला ड्रायव्हर सांगतो. ते कात्रजच्या गर्दीमुळे नव्हते.

६. तिसऱ्या दिवशी सल्लागार साहेबांनी दोषाचे मूळ शोधण्याची रीत शिकवली. फळ्यावर माशाचा सांगाडा काढला आणि सांगितले की, पाच वेळा 'का' विचारले की मूळ कारण हाती लागतेच. उदाहरण म्हणून भोंगाच घेतला व मला उभे केले. भोंगा उशिरा का? गाडीची माणसे आत आलेली नसतात म्हणून. ती उशिरा का? चालकाचे घड्याळ मागे आहे म्हणून. ते मागे का? त्याने ते भोंग्यावर लावले म्हणून. मग भोंगा मागे का? गाडीची माणसे आत आलेली नसतात म्हणून. ती उशिरा का?

इथे पाच 'का' संपले आणि आम्ही पुन्हा माशाच्या शेपटीपाशीच उभे होतो. सभागृहात हसू झाले. सल्लागार साहेब पेलाभर पाणी प्यायले आणि त्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. जेवणानंतर मासा पुसलेला होता.

सोनवणे साहेबांनी मात्र त्याच वेळी एक सरळ उपाय सुचवला होता, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. ते म्हणाले, एसटीचा थांबाच गेटपाशी आणा, अर्धे मिनिट उरणारच नाही. यावर सभागृहात जी शांतता पसरली ती तीन दिवसांत दुसऱ्या कोणत्याही तत्त्वाने पसरली नव्हती. सध्याचा थांबा कोणाच्या हॉटेलसमोर आहे व ते हॉटेल संचालक मंडळातील कोणाच्या मेव्हण्याचे आहे, हे सोनवणे साहेब नवीन असल्याने त्यांना माहीत नव्हते. फळ्यावरचे पाचवे तत्त्व 'वरिष्ठांची बांधिलकी' असे आहे. ते या बाबतीत पूर्णपणे पाळले गेले.

७. १ जानेवारीपासून भोंगा रेडिओप्रमाणे वाजवण्याचा हुकूम झाला. मी हुकूम पाळला. त्या दिवशी साखळी ओढताना गाडी अजून ओढ्यापलीकडेही दिसत नव्हती. अकरा मिनिटांनी त्रेचाळीस माणसे बंद गेटबाहेर उभी होती. त्यांतल्या हरणाबाई, ज्या गोदामात साखरेची पोती शिवतात, त्यांनी खालूनच हाक मारली, "आवं नाथाजीभाऊ, गाडी अजून वड्याच्या पल्याड व्हती, तवाच भोंगा झाला! आमी काय उडत यावं व्हय?"

चालक सिद्धू हा मूळचा जतकडचा, मुक्कामी गाडीवर सहा वर्षे आहे. त्याला मी घड्याळ पुढे कर म्हणालो, तर तो म्हणाला, "मामा, माजं घड्याळ बरोबर हाय. पयल्या भोंग्याला लावलंय. मदीच कसं फिरवू? तुमचाच भोंगा पळाया लागलाय, त्याला आवरा की." मध्येच घड्याळ फिरवणे आपल्या खोऱ्यात अपशकुन समजतात. त्यामुळे निम्म्यांनी काटा फिरवला आणि निम्म्यांनी फिरवला नाही. आता खोऱ्यात दोन वेळा चालतात. एक 'जुना टाइम' व दुसरा 'पुण्याचा टाइम'. खोलवडीच्या शाळेत हेडमास्तर जुन्यावर व साताऱ्याहून येणारे गुरुजी पुण्याच्यावर असल्याने घंटा दोनदा होते. मुले पहिल्या घंटेला सुटतात व दुसऱ्या घंटेला येतात.

८. यानंतर तक्रारी सुरू झाल्या. तक्रारी लिहून घ्याव्यात, ग्राहकाचे शब्द बदलू नयेत, हेही तत्त्वच असल्याने मी वही केली. दोनशे चौदापैकी थोड्या जशाच्या तशा देतो.

आंबेवस्तीच्या बायडाबाई : "पाट्टंचा भोंगा अकरा मिन्टं आदी व्हतोय. म्हस भोंग्यावर पान्हा सोडती, आन् आमचं धनी घड्याळावर उटत्यात. म्हस थांबती व्हय? आन् माजी अकरा मिन्टं झोप गेली ती कोन देनार, कारखाना?"

खोलवडीचे तालीम संघाचे पैलवान : "भोंगा व्हईस्तोवर जोर मारायचं आसा आमचा नेम. आता जोर कमी पडाया लागलं. कुस्ती हरलो तर तुमच्या नावावर."

दहिवस्तीच्या लग्नातून आलेली तक्रार दोन्ही पक्षांच्या सह्यांनी आहे. नवरदेव सांगलीचा. वऱ्हाडाने पुण्याच्या टाइमप्रमाणे अक्षता टाकल्या तेव्हा नवरी अजून मामाबरोबर घरात होती. जुन्या टाइमप्रमाणे पुन्हा अक्षता टाकल्या तेव्हा वऱ्हाड जेवायला बसले होते. लग्न झाले की नाही, झाले तर किती वेळा, एवढा खुलासा कारखान्याने लेखी द्यावा अशी त्यांची मागणी आहे. मी ती चीफ केमिस्टकडे पाठवली आहे, कारण आमच्या विभागात तज्ज्ञ नाही.

९. प्रकरण पत्रिकांपर्यंत जाईल असे मला वाटले नव्हते. खोऱ्यातल्या पोरांच्या जन्मवेळा बावीस वर्षे 'भोंगा झाला आणि पोर झाले' अशाच सांगितलेल्या आहेत. जानेवारीच्या मध्यावर पंचांग बघणाऱ्या गुरुजींनी जाहीर केले की, सर्व पत्रिकांत अकरा मिनिटे मिळवावी लागतील. त्याने कुणाचे लग्न पालटले, कुणाचा ग्रह घर सोडून गेला. माझे शेजारी लालासाहेब, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त, कडक माणूस, रस्त्यात मला मिठी मारून ओरडले, "नाथाजी, गड्या, शिवांजलीचा मंगळ गेला रं! तीन वरसं स्थळं माघारी गेली, आन् मंगळ नव्हताच!" पाठोपाठ दुसरे एक गृहस्थ काठी घेऊन आले, कारण तोच मंगळ त्यांच्या मुलाला लागला होता.

इथे मी एक चूक कबूल करतो. चौथे तत्त्व सांगते की, निर्णय वस्तुस्थितीवर घ्यावा, अंदाजावर नाही. शिवांजलीचा जन्म सन १९७५ चा. तेव्हा भोंगा अर्ध्या मिनिटाचाच मागे होता, अकराचा नव्हे. गुरुजींनी सरसकट अकरा मिळवली. मला हे माहीत होते व मी गप्प बसलो, कारण कराडचे स्थळ आले होते आणि मुलगा चांगला आहे. लग्न वैशाखात आहे. हा परिच्छेद वाचून झाल्यावर आपण विसरून जावा ही स्वतंत्र विनंती.

१०. आता मूळ गोष्ट. अर्धे मिनिट तरी मी का थांबलो, हे बावीस वर्षांत मला कोणी विचारले नाही, आणि फळ्यावरच्या पाच 'का'मध्येही ते आले नाही. पहिल्या हंगामाच्या तिसऱ्या दिवशी मी वेळेवर साखळी ओढली. जिन्यावरून गेट दिसते. हरणाबाई तेव्हा पंचविशीच्या असतील, नवरा वारून वर्ष झाले नव्हते, कामाचा पहिलाच आठवडा. थांब्यापासून पळत आल्या. चप्पल तुटली, ती हातात घेऊन पळाल्या. गेट त्यांच्या तोंडावर लागले. त्यांनी मान वर करून भोंग्याकडे पाहिले. भोंग्याकडे म्हणजे माझ्याकडे. मला त्या दिवशी भाकरी गेली नाही, साहेब. दुसऱ्या दिवशी हात साखळीवर ठेवून मी मनात तीस आकडे मोजले. मग ते रोजचेच झाले.

याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये. माझे लग्न त्याआधीच झाले होते. तरीही हा अर्ज माझी पत्नी रंगूबाई हिच्या वाचनात येऊ नये, अशी व्यवस्था व्हावी.

११. वर्गाच्या शेवटच्या दिवशी सल्लागार साहेबांनी लिहिले होते, 'संस्थेतून भीती हद्दपार करा. भ्यालेला माणूस दोष लपवतो.' वाक्य मला फार पटले. त्याच फळ्यावर, त्याच वाक्याखाली, दोन महिन्यांच्या आत माझ्या बदलीचा कागद टाचणीने लावला गेला. आता बॉयलरवरची पोरे प्रेशरचा काटा हलला तरी सांगायला भितात. गुणवत्तेच्या कामात ही गोष्ट भोंग्यापेक्षा वाईट आहे, हे मी राग आला म्हणून नव्हे, बॉयलर फुटू नये म्हणून लिहितो. रागही आला आहे, तो वेगळा.

शून्य दोषाचे तत्त्व मी माझ्या बुद्धीप्रमाणे असे समजतो की, ज्याला माल द्यायचा त्याला तो नडला नाही, म्हणजे दोष नाही. बावीस हंगाम भोंगा कोणाला नडला नाही. नडला तो रेडिओला, आणि रेडिओ माझ्या ग्राहकांच्या यादीत नव्हता. असे असले तरी अकरा मिनिटे फार झाली, हे मी मान्य करतो. अर्ध्याचे अकरा व्हायला नको होते. माझ्यापुरता दोष तेवढा आहे.

१२. दोष आहे तिथे सुधारणा सुचवावी, असा नियम असल्याने योजना सादर करतो. सल्लागार साहेब म्हणाले होते की, सुधारणा एकदम करू नये, मुंगीच्या पावलाने आणि न थांबता करावी. एका रात्रीत अकरा मिनिटे पुढे ढकलणे हे त्या तत्त्वाच्या सरळ विरुद्ध झाले. सबब भोंगा तूर्त पूर्वीच्या जागी आणावा व १ मार्चपासून दरमहा अर्धे मिनिट पुढे घ्यावा. कोणाला कळणार नाही. म्हैससुद्धा मानेल. सिद्धूशी बोलणे झाले आहे. तो वर्षातून एकदाऐवजी महिन्यातून एकदा घड्याळ लावायला तयार आहे, फक्त ते पौर्णिमेला लावणार म्हणतो.

अकरापैकी साडेदहा मिनिटे अशी दुरुस्त होतील. त्याला एकवीस महिने लागतील, म्हणजे काम नोव्हेंबर १९९७ अखेर पुरे होईल. राहिलेले अर्धे मिनिट कायम ठेवावे. थांबा गेटपाशी येईल त्या दिवशी तेही काढावे, पण थांबा कधी येईल ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

या योजनेत एकच अडचण आहे. मी ३१ ऑगस्टला निवृत्त होतो आणि तोवर फक्त तीन मिनिटे पुढे सरकलेली असतील. काम अर्धवट टाकणे गुणवत्तेत बसत नाही. त्यामुळे जतची बदली रद्द करून मला पंधरा महिन्यांची मुदतवाढ द्यावी, असे हिशेबातूनच निघते. यात माझा काही स्वार्थ नाही असे लिहिणार होतो, पण वस्तुस्थितीवर चालायचे ठरले आहे. स्वार्थ आहे. घरात माझ्या शब्दाला रंगूबाई, दोन मुले व एक सून यांपैकी कोणी विचारत नाही. पण बावीस वर्षे सतरा गावे माझ्या हाताने उठली, जेवली आणि कामाला लागली. हे सुटेल तेव्हा मला करमणार नाही. जतची माहिती सिद्धूने दिली आहे, "मामा, तिकडं ज्वारी, मेंढरं आन् टँकर. तितं कुनी कुनाला वेळ इचारत न्हाई बगा." ते ऐकून मला दोन रात्री झोप नाही.

१३. आपण कामाचे माणूस आहात. बदली रद्द करायची, मुदतवाढ द्यायची आणि भोंगाही मागे घ्यायचा, इतके सगळे एका अर्जात मंजूर होत नाही, हे मलाही कळते. संचालक मंडळाला काहीतरी नामंजूर केल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा यांतले एकच मंजूर होणार असेल तर माझे काही करू नका. मी २९ तारखेला चार्ज देतो आणि जतला जातो. अर्धे मिनिट तेवढे ठेवा.

तसे ठरल्यास चार्ज देण्यासाठी मला आठ दिवस मिळावेत. जो नवा माणूस येईल त्याला साखळी ओढायला शिकवणे एका मिनिटाचे काम आहे. उरलेले आठही दिवस त्याला हात साखळीवर ठेवून गप्प उभे राहायला शिकवावे लागेल. तरण्या माणसाला ते फार जड जाते. मलाही गेले होते.

कळावे. लोभ असावा असे सरकारी अर्जात लिहीत नाहीत, पण असावा.

आपला,
आज रोजी तरी बॉयलरवर हजर असलेला,

(नाथाजी भाऊसो फाळके)
बॉयलर अटेंडंट, टोकन नं. ४१७

सोबत :
१) ज्ञापनाची प्रत.
२) तक्रारींची वही, पाने ६१.
३) सतरा गावांतून भोंगा पूर्ववत करण्यासाठी आलेली पोस्टकार्डे, १८८. पैकी एक आपल्या मातोश्रींचे असल्याने वरच ठेवले आहे.